मधली वाळू

माझ्या बाबाने आत्या असेतोवर तिच्या सासरचा उंबरा ओलांडला नाही, आणि आत्याने लग्नानंतरची पहिली दिवाळी सोडली तर माहेरचा ओलांडला नाही. तरी दोघांची भाऊबीज वर्षानुवर्षं एकदाही चुकली नाही, कारण मध्ये वाळू होती.

आमचं गाव दिवा स्टेशनाच्या मागे, खाडीच्या काठाला. आता दिवा म्हटलं की लोकांना एकमेकींना टेकलेल्या इमारती आणि टँकरपुढे लावलेल्या हंड्यांची रांग आठवते. पण स्टेशनाकडे पाठ करून चालत राहिलं की अजून गाव लागतं, गावापुढे बांध आणि बांधापलीकडे खाडी. आत्याला दिली होती समोरच्या काठावर, भिवंडीच्या बाजूला. आमच्या बांधावरून तिच्या गावातल्या देवळाचा कळस दिसायचा. वारा तिकडचा असला की तिथल्या लग्नाचा बाजा आमच्या ओटीवर ऐकू यायचा. इतक्या जवळ दिलेली मुलगी आणि माहेरला मुकलेली, असं आजूबाजूच्या बायका म्हणायच्या.

भांडण झालं ते जाळ्यावरून. बाबाने खाडीत खुंट ठोकून जाळं लावलेलं, ते एका सकाळी खुंटांसकट उपटून गेलेलं. बाबाला वाटलं, हे पलीकडच्यांचं काम. दिवाळसणाला जावई आलेला, ताटावर बसलेला, आणि बाबाने चार माणसांत त्याला विचारलं की आमचे खुंट तुमच्याकडे जळणाला लागले का. आत्याचा नवरा भरल्या ताटावरून उठला. दारात उभा राहून म्हणाला, "माझी बायको या घराचा उंबरा परत चढायची नाय." बाबा मागे राहणार थोडाच? त्यानेही सांगून टाकलं की तुझ्या उंबऱ्याला माझा पाय लागला तर बापाचं नाव लावणार नाही. पुढे कोणीतरी सांगितलं की त्या दिवशी उधाणाला एक मोठा ओंडका वाहत गेलेला, त्यानेच जाळं नेलं असेल. पण तोवर शब्द तोंडातून सुटलेले होते, आणि आमच्याकडे सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

पुढच्या वर्षी भाऊबिजेच्या आदल्या दिवशी पलीकडची एक कोळीण मासळी घेऊन आली आणि आईच्या कानात आत्याचा निरोप सांगून गेली, 'उद्या ओहोटीला मधल्या वाळूवर ये.' खाडीच्या बरोबर मध्ये वाळूचा एक लांब पट्टा होता. भरतीला तो पाण्याखाली जायचा, ओहोटीला उघडा पडायचा. त्याला नाव असं काही नव्हतं, दोन्ही काठांवरचे लोक मधली वाळू म्हणायचे. दोघांच्या शपथेत उंबऱ्यांचा उल्लेख होता, वाळूचा नव्हता. ही पळवाट आत्याला सुचली, बाबाला सुचली नसती.

भाऊबिजेच्या दिवशी अमावास्या नुकतीच होऊन गेलेली असते. खाडीला उधाण असतं, म्हणजे भरती जेवढी चढते तेवढीच ओहोटी खाली जाते. त्या दिवशी सकाळी मधली वाळू वर्षातली सगळ्यांत मोठी असायची. आमच्या काठाकडून तिथवर जायला पाण्यातून एक वाट होती. डोळ्यांना ती दिसत नसे, पायांना कळायची. खाली घट्ट वाळू लागली की वाट बरोबर, चिखल लागला की चुकली. पाणी बाबाच्या कमरेच्या वर जात नसे. मी त्याच्या खांद्यावर बसायची आणि माझ्या मांडीवर आत्याची नवी साडी असायची, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली. ती भिजवायची नाही एवढंच माझं काम, आणि त्याची मला केवढी ऐट!

पलीकडून आत्या यायची. लुगडं गुडघ्यांच्या वर खोचलेलं, डोक्यावर टोपली, टोपलीत ताट, आणि निरांजन बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, वाऱ्याने विझू नये म्हणून. वाळूवर ती आधी बोटाने रांगोळी काढायची. पाट नव्हता, तर पाटाच्या आकाराचा चौकोन ओढायची आणि म्हणायची, "बस, दादा." बाबा ओल्या कपड्यांनी त्या चौकोनात मांडी घालून बसायचा. निरांजन डब्याबाहेर काढलं की हमखास विझायचं. आत्या पदराआड चार काड्या ओढायची, मग वैतागून विझलेल्या निरांजनानेच ओवाळायची. नंतर करंज्या, तांदळाच्या भाकरी, कोळंबीचं सुकं. मी इकडे खेकड्यांच्या मागे धावत असायची.

ती दोघं तिथे काय बोलायची, हे मोठी झाल्यावर मी मुद्दाम कान देऊन ऐकलं, आणि माझी निराशा झाली. म्हैस व्याली का? तुझा दात पडला का? आईच्या गुडघ्याला तेल चोळता की नाही? वर्षभर साठवून आणलेलं बोलणं ते हेच. मात्र पाणी फिरलं, वाळूची कड ओली दिसायला लागली की दोघं बोलणं आवरायची. आत्या उठून बाबाच्या पाठीवरची वाळू हाताने झटकायची. झटकून होऊन गेली तरी झटकत राहायची. मग आपापल्या काठाला निघायचं, मागे वळून बघायचं नाही.

मी लग्न होऊन ठाण्याला नौपाड्यात आले. सासरी सगळे वडिलांना अहो-जाहो करणारे. मी फोनवर "बाबा, जेवलास का?" असं विचारलं की सासूबाई दचकायच्या. भाऊबिजेला मी नवऱ्याला त्याच्या बहिणीकडे पाठवून पहाटेच दिव्याला पळायची. वाळूवरची भाऊबीज हे आमच्या घरचं खूळ आहे असं सासरी ठरून गेलेलं, आणि ते खरंच होतं.

खाडीतली रेती काही काल-परवा निघायला लागली नाही. माझ्या लहानपणीही डुबी मारणारे होते. बांबू धरून तळाला जायचे, बादली भरायचे, वरचा माणूस ती ओढून होडीत ओतायचा. आमच्या घराचा स्लॅब त्याच रेतीचा आहे. पण माणसाचा दम तो केवढा? जेवढं निघायचं तेवढं पावसाळ्यात नदी आणून टाकायची. मग पंप आले. बार्जवर इंजिन, इंजिनाला जाडजूड पाइप, तो तळाला सोडला की खालचं सगळं पाण्यासकट वर. त्याचा आवाज दिवसभर चालू राहायचा. आधी कानाला टोचायचा, पुढे तो बंद झाला की चुकल्यासारखं वाटायला लागलं. अधूनमधून सरकारी माणसं यायची, एखादा बार्ज कापून बुडवायची, फोटो निघायचे. आठवड्याभरात दुसरा बार्ज उभा.

आणि बार्जवर होतं कोण? परके असते तर शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. आमच्या गावचेच पोरगे, पलीकडच्या गावचे. शेती खाऱ्या पाण्याने गेलेली, मासळी रोडावलेली, मग करणार काय? आत्याचा मुलगाही एका बार्जवर लागला. बाबा म्हणाला, "कुंपणानं शेत खाल्ला." त्या दिवसापासून बाबाने भाच्याशी बोलणं सोडलं. बोलणं सोडण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं.

काठ आधी खचला. बांधाला लागून असलेली तिवरं मुळांसकट आडवी झाली, वर्षभर तशीच वाळत पडली. मग एका उधाणाला बांध फुटला आणि आमच्या भाताच्या खाचरात खाडी आली ती परत गेलीच नाही. जिथे मी चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या मासळ्या पकडायची तिथे आता सरळ तुटलेला कडा आहे, खाली काळं पाणी. गावाने बांध दोनदा घातला, खालून पोकळ झालेल्या जमिनीवर तो टिकणार कसा? बाबा तेव्हाही म्हणायचा, जाऊ दे, मधली वाळू हाय ना. त्याचा सगळा जीव तिच्यावर होता. मला तेव्हा त्याचा राग यायचा. शेत गेलं आणि हा वाळूचं काय धरून बसलाय!

पण वाळूही निघाली होती. एका वर्षी ती आखूड झालेली दिसली. पुढच्या वर्षी उघडी पडली ती थोडाच वेळ, आत्याला रांगोळी काढायला सवड मिळाली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी वाळू वर आलीच नाही. दोघं गुडघाभर पाण्यात उभी राहिली. आत्याने उभ्या भावाला ओवाळलं. ताट हातात धरून त्यातच करंजी मोडून त्याच्या तोंडात घातली. ती हसत होती. म्हणाली, "आता पुढच्या बारीला पोहत येयाला लागल." बाबाही हसला. मी नाही हसले, मला रडू येत होतं आणि ते लपवायला मी साडीचं प्लॅस्टिक उगाच सोडत बसले.

त्याच्या पुढच्या भाऊबिजेला मी बाबाला सांगितलं होतं की जाऊ नकोस. त्याने काठीसुद्धा घेतली नाही. काठी चिखलात जाणाऱ्यांना लागते, मला वाट पाठ आहे, असं त्याचं म्हणणं. मी काठावर उभी होते. पलीकडच्या काठावर आत्या टोपली डोक्यावर घेऊन उभी होती, ठिपक्याएवढी. बाबा साडी डोक्यावर धरून निघाला, तोंड तिच्याकडे. पाणी गुडघ्याला, मांडीला, कमरेला. पाऊल जिथे पडायचं तिथेच पडत होतं. आणि मग बाबा नव्हता. साडीचं पुडकं तेवढं पाण्यावर होतं, आणि ते संथपणे समुद्राच्या बाजूला निघालेलं.

नवख्या माणसाने तिथे पाय टाकताना चाचपून बघितलं असतं. बाबाने चाचपलं नाही, कारण उभ्या जन्मात त्याला तिथे जमीन लागली होती. पाइपाने तळात विहिरीएवढा खड्डा केलेला, तो वरून कसा दिसणार?

मी किंचाळले. जवळच उभ्या असलेल्या बार्जवरून कोणीतरी उडी मारली. बाबाला काठावर आणून पालथं घातलं, पाठीवर थापा मारल्या, तेव्हा मला दिसलं की तो माझा आतेभाऊच होता. बाबाने पाणी ओकलं, डोळे उघडले, त्याला ओळखलं. एवढ्या वर्षांनी भाच्याशी पहिला शब्द बोलला तो हा, "तूच खनलास ना?" आतेभावाचे दात वाजत होते. पलीकडून आत्याचा आवाज येत होता, "दादा, परत जा! दादा, परत जा!" तिला बाबा जिवंत आहे हे दिसत होतं की नाही कोण जाणे, ती ओरडतच राहिली. मी दोन्ही हात वर करून हलवले, तरी ओरडतच राहिली.

त्या दिवसानंतर ती दोघं एकमेकांना दिसली नाहीत.

फोन होता. आत्या म्हणायची, तू ये ना दारात. बाबा म्हणायचा, तू ये ना. दोघं हसायची, आणि फोन ठेवायची. तोवर डोंबिवलीहून पलीकडे जायला खाडीवर पूल झाला. मी बाबाला म्हटलं, आता कारने नेते तुला, जेवणाच्या आत परत. तो म्हणाला, "पुलावरून काय, इमानातून नेलास तरी उंबरा तोच ना?" मग मी एकटी आत्याकडे गेले. तिचा नवरा तेव्हा अंथरुणाला खिळलेला, पण जीभ चालू होती. त्याला विचारलं, तर म्हणाला की मी काय त्याला अडवून ठेवलंय, यायचं तर येईल. हे बाबाला सांगितलं, तर तो म्हणाला की त्याने स्वतः बोलवावं. परत तिकडे गेले. असे दोन्हीकडे माझे हेलपाटे झाले. नौपाड्याला माझ्याकडे भेटा म्हटलं, तर लेकीच्या सासरी कसली भाऊबीज म्हणून दोघांनीही उडवून लावलं. या दोन म्हाताऱ्यांना एका खोलीत कोंडून बाहेरून कडी लावावी असं माझ्या मनात यायचं.

शेवटी मी आत्यालाच धरलं. म्हटलं, तो तर पडून आहे, तू चल माझ्याबरोबर, संध्याकाळपर्यंत आणून सोडते, त्याला कळणारही नाही. आत्या तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "धरधाकट होता तवा त्याचा शब्द मोरला असता त गोष्ट येगली. आता परलाय, आता कसा मोरू?" खाटेला खिळलेल्या माणसाचा शब्द तिला मोडवत नव्हता. मी चिडून निघाले आणि अंगणात येऊन गाडीत रडत बसले. कोणाचाच दोष दिसत नव्हता, हाच माझ्या रागाला अडसर होता. ती वाळू असती तर या दोघांना शहाणं होण्याची काही गरजच नव्हती. आपापला हट्ट काठावर ठेवायचा, वर्षातून एकदा भेटायचं, परत येऊन हट्ट उचलायचा. मरेपर्यंत निभलं असतं ते.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी आतेभावाचा फोन आला की आई गेली. पहाटे पाणी प्यायला उठली आणि तिथेच बसली म्हणे. सवाष्ण गेलेल्या बाईला माहेरचं लुगडं लागतं, ते भावानेच न्यायचं असतं. मी नौपाड्याहून दिव्याला पोचले तर बाबा तयार होऊन ओटीवर बसलेला. मांडीवर हिरवी साडी होती. भाऊबिजेची साडी तो दरवर्षी घेतच होता, हे आईने मला तेव्हा सांगितलं. शीळफाट्याला गाडी अडकली तेव्हा बाबा म्हणाला, चल लवकर. पुलावर आल्यावर त्याने काच खाली केली आणि बाहेर बघत राहिला. मला वाटलं, पाणी बघतोय. तर म्हणाला, "एवराच लांब व्हता?"

आत्याच्या दारात बायका थांबल्या होत्या. तिला आंघोळ घालून झालेली, लुगड्यासाठी सगळं अडलेलं. बाबा अंगणात पोचला आणि थांबला. कोणीतरी म्हणालं, द्या इकडे, आत नेते. बाबाने साडी दिली नाही, आणि पाऊलही उचललं नाही. सगळ्यांना सगळं माहीत होतं. तेवढ्यात आतल्या खाटेवरून आत्याच्या नवऱ्याचा आवाज आला, घोगरा, अर्धा रडका, "अरं ये ना आत. मधी काय पानी हाय का?"

बाबा आत गेला. उंबऱ्याकडे त्याने बघितलंही नाही. आत्याच्या अंगावर लुगडं घातलं तेव्हा मी त्याला धरून उभी होते. नंतर तो खाटेपाशी गेला, आणि ते दोघं तसेच राहिले, एक आडवा, एक उकिडवा. एकमेकांकडे न बघता.

त्यांच्या गावची मसणवाट खाडीच्या काठाला होती. तिचा अर्धा ओटा खचून पाण्यात गेलाय, उरलेल्या अर्ध्यावर आत्याला नेली. तिसऱ्या दिवशी अस्थी खाडीत सोडायच्या होत्या. बाया जात नाहीत, मी गेले. आतेभावाने छोटी होडी काढली. तो, बाबा आणि मी. मडकं आतेभावाच्या हातात. बाबाने आधी काही सांगितलं नाही, होडी मध्यावर आल्यावर म्हणाला, थांबव. आतेभावाने होडी थांबवली. ओहोटी होती. त्याने मामाच्या तोंडाकडे बघितलं आणि मान खाली घातली, त्याला कळलं होतं आपण कुठे आहोत ते.

मी म्हटलं, "बाबा, इथंच सोडू या. इथंच भेटायचात ना."

बाबाने होडीतला बांबू घेतला आणि पाण्यात उभा सोडला. बांबू जात राहिला. बाबा वाकला, मनगट पाण्यात गेलं, कोपर गेलं, होडी त्याच्या बाजूला कलली. तळ लागला नाही. त्याने बांबू वर ओढला, हातभर पुढे सरकून परत सोडला. परत तेच. आतेभाऊ म्हणाला, "मामा, नाय लागनार." बाबाने बांबू होडीत ठेवला, ओल्या हाताने तोंड पुसलं, आणि मडक्याकडे बघत म्हणाला,

"इथं नको. काठाला घे. इथं तिचे पाय नाय टेकायचे."